जूनची खरेदी : काय जुनं चालतं, काय नवंच लागतं



मृग निघाला की आपल्या परभणी जिल्ह्यात दोन बॅगांची काळजी सुरू होते. एक सोयाबीनच्या बियाण्याची बॅग, दुसरी लेकराच्या दप्तराची. ज्यांना शेत नाही त्यांना पहिली काळजी नसते, पण त्यांच्या हातात पैसाही नेमका तेव्हाच नसतो. ऊसतोडीहून परतलेली गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची माणसं उचलीचा हिशेब मिटवून मोकळ्या हातांनी बसलेली असतात आणि शेतातली खुरपणी अजून निघायची असते. शाळा मात्र जूनच्या मध्यालाच उघडते. मग बचत गट, नाहीतर सावकार.

आरोग्याच्या पानावर खरेदीचं काय, असं कुणी विचारील. आम्ही नर्सिंगची पदविका घेऊन दवाखान्यात नोकरी केली, नंतर ती सोडून वस्तीत काम करू लागलो. दोन्हीकडे पाहिलं ते एकच. जुलै-ऑगस्टमध्ये लेकरं ज्या तक्रारी घेऊन येतात त्यांतल्या कितीतरी जूनच्या खरेदीतून आलेल्या असतात. टाचेला फोड, बोटांच्या बेचक्यात चिखल्या, जांघेत नायटा, पाठीवर घामोळ्या, खांदे दुखणं. आणि ज्या घरात जूनमध्ये कर्ज झालं, त्या घरात श्रावणात दूध बंद होतं, अंडी बंद होतात. तेही आम्ही आरोग्यातच धरतो.

एका घराचा हिशेब सांगतो. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत, दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत. आईने घेतलं ते असं : दोन दप्तरं ८५० रुपये, पाण्याच्या दोन बाटल्या ३३०, दोन डबे ३२०, कंपास १२०, दोन डझन वह्या ८४०, गाइडं ३८०, दोघांचे बूट ६५०, आणि शाळेचा ड्रेस येईल तेव्हा येईल म्हणून बाजारातून एकेक ड्रेस, १०५०. एकूण ४,५४०. हातात काहीच नव्हतं, म्हणून शेकडा पाच रुपये महिन्याच्या व्याजाने ५,००० उचलले. दिवाळीपर्यंत पाच महिन्यांचं नुसतं व्याज झालं १,२५०.

विहारात बसून तिच्यासोबत हीच यादी पुन्हा वाचली. मुलीच्या जुन्या दप्तराची फक्त चेन गेली होती. दुरुस्तीवाल्याने नवा रनर टाकून शिवून दिलं असतं, ६० रुपयांत. बाटल्या गेल्या वर्षीच्या धड होत्या, फक्त त्यावरचं चित्र उडालं होतं. डबे घरात स्टीलचे होते, पण मुलाला प्लॅस्टिकचा हवा होता, त्यावर गाडी होती. गाइडं दिवाळीपर्यंत उघडली गेली नाहीत. ड्रेस शाळेतून मिळायचेच होते. ही टाळता येणारी रक्कम २,४७० भरली. उरलेले २,०७० खरोखर लागणारे होते. बाईने हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाली, "सिस्टर, सगळं खरं हाय. पण लेकराला जुनं घालून पाठवलं की लोक काय म्हणतात ते तुमाला कळणार नाही."

कळायला हवं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या हातून एक चूक घडली होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही वस्तीवस्तीतून जुने ड्रेस, दप्तरं, पुस्तकं गोळा केली आणि एका रविवारी विहारात वाटली. समोर टेबल, टेबलामागे देणारे, टेबलापुढे रांगेत घेणारे. एका उत्साही कार्यकर्त्याने फोटो काढले आणि ते वस्तीच्या ग्रुपवर टाकले. सहावीतली एक मुलगी त्या फोटोत दोन्ही हात पुढे करून ड्रेस घेताना दिसत होती. तो ड्रेस तिच्याच वर्गातल्या मुलीच्या मोठ्या बहिणीचा होता. वर्गात कुणीतरी म्हणालं, "ही उतरण घालते." ती अकरा दिवस शाळेत गेली नाही. पोटात दुखतं असं सांगत राहिली. तिच्या आईने पोट दाखवायला आणलं तेव्हा आम्हाला सगळं समजलं. पोटाला काहीही झालेलं नव्हतं.

तिची आई जे बोलली ते इथे लिहिणं भाग आहे. ती म्हणाली, "माझ्या आजीच्या काळात गावकीत मढ्यावरचं कापड आपल्या वाट्याला यायचं. ते सोडवायला किती वर्षं लागली. अन् तुम्ही विहारात बसवून पुन्हा दुसऱ्याचं अंगावरचं देता?"

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पर्यावरणवाली मंडळी सांगतात जुनं वापरा, कचरा कमी करा, आणि ते बरोबरच आहे. पण मढ्यावरचं कापड आणि शिळी भाकर हा ज्यांच्या वाडवडिलांना 'हक्क' म्हणून दिला गेला, त्यांना 'जुनं घ्या' हे शब्द वेगळे ऐकू येतात. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की साताऱ्याच्या शाळेत त्यांना कोपऱ्यात वेगळं बसावं लागे, आणि बसायचं गोणपाट रोज घरून न्यावं आणि संध्याकाळी परत आणावं लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. आपल्या माणसाचं पहिलं शालेय साहित्य ते गोणपाट होतं. म्हणून आपली आई जेव्हा व्याजाने पैसे काढून लेकराला नवं कोरं दप्तर घेते तेव्हा तिला उधळी म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

याच बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला आलेल्या बायांना काय सांगितलं होतं तेही पाहावं. कपड्याला ठिगळं असली तरी चालतील, पण कपडा स्वच्छ असावा. आणि कोणतं वस्त्र नेसावं, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे ठरवण्यापासून तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. या दोन गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. ठिगळाची लाज नाही, पण काय घालायचं ते आपण ठरवायचं. आमच्या टेबलामागच्या वाटपात पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती. त्या मुलीला काय घालायचं ते आम्ही ठरवलं होतं.

पुढच्या वर्षीपासून पद्धत बदलली. आता त्याला वाटप म्हणत नाही, अदलाबदल म्हणतो. कुणीही रिकाम्या हाताने येत नाही आणि कुणीही रिकाम्या हाताने जात नाही. ज्याच्याकडे ड्रेस नाही तो अर्धी वापरलेली वही आणतो, कंपासमधला जास्तीचा कोनमापक आणतो, नाहीतर शिलाईचं मशीन घेऊन दोन तास बसतो. बुद्धपौर्णिमेला सांगून ठेवतो आणि ज्येष्ठ पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी बसतो, कारण बहुतेक घरं तेव्हा विहारात येतातच. सगळ्या वस्तू आठ दिवस आधी जमा होतात, धुऊन इस्त्री होतात आणि दोरीवर मापाप्रमाणे टांगल्या जातात, दुकानात असतात तशा. कोणती कुणाची ते सांगायचं नाही. लेकरं स्वतः निवडतात. आणि फोटो अजिबात नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची. नोकरीवाल्या घरांनी, कॉलनीत राहायला गेलेल्या आपल्या शिक्षक-बँकवाल्या घरांनी नुसतं आणून देऊन जायचं नाही. त्यांच्याही लेकराने तिथून एक तरी वस्तू घेतली पाहिजे आणि ती शाळेत वापरली पाहिजे. पहिल्या वर्षी हे सांगितलं तेव्हा दोन-तीन जण नाराज झाले. पण साहेबाचा मुलगा दोरीवरचं दप्तर घेऊन जातो हे वस्तीने पाहिलं, आणि उतरण हा शब्द त्या दिवसापासून विहारात ऐकला नाही. शाळेत ऐकू येतो अजून. तो तिथल्या गुरुजींशी बोलायचा विषय आहे.

वह्यांसाठी तर आपल्याकडे वेगळी सोय आहेच. ६ डिसेंबर आणि १४ एप्रिलला हार-मेणबत्तीऐवजी 'एक वही, एक पेन' आणावं ही मोहीम राज्यभर चालते, आपल्याकडेही वह्या येतात. पण त्या डिसेंबरात वाटून टाकल्या तर अर्ध्या वर्षात कामाला येतात, आणि जूनमध्ये पुन्हा बाजार. आम्ही निम्म्या पेटीत ठेवतो. पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, वाळवी आणि कसर लागत नाही. शिवाय प्रत्येक घरात मार्चअखेर वह्यांमध्ये पंधरा-वीस कोरी पानं उरतातच. ती काढून, काठ जुळवून, दाभणाने तीन भोकं पाडून शिवली की कच्च्या कामाची वही होते. आमच्या शिक्षणाच्या काळात अर्ध्या नोट्स अशाच वहीत होत्या. आताच्या लेकरांना हे शिकवावं लागतं, पण एकदा शिकली की त्यांना त्यात मजा वाटते.

जुन्या पुस्तकांचं थोडं जपून. पहिली ते आठवीच्या लेकरांना सरकारी आणि अनुदानित शाळेत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, ती विकत घेऊ नका. नववी-दहावीची मात्र घ्यावी लागतात, तिथे अदलाबदल खरी उपयोगी पडते. घेताना पुस्तक कोणत्या वर्षी छापलं ते बघा, कारण नवीन धोरणाप्रमाणे २०२५ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने अभ्यासक्रम बदलत चालला आहे. २०२३ पासून मधली दोन वर्षं पुस्तकांतच लिहायला कोरी पानं जोडून दिली होती, ती पुस्तकं लिहून भरलेली असतात. असं पुस्तक दुसऱ्याला द्यायचं तर लिहिलेली पानं जपून कापून घ्या.

आता आरोग्याचं. जुनं काय घ्यावं आणि काय घेऊ नये याचा आमचा नियम साधा आहे. जे धुता येतं, उकळता येतं, उन्हात वाळवता येतं ते जुनं चालतं. जे एकाच्या अंगाच्या आकाराने बसलेलं असतं ते चालत नाही.

ड्रेस, दप्तर, स्टीलचा डबा, स्टीलची बाटली, कंपास, पट्टी, छत्री, रेनकोट, सगळं चालतं. कपडे मात्र आल्या आल्या अंगात घालू नयेत. खरजेचा किडा कपड्यातून येऊ शकतो. तो माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. म्हणून गोळा झालेले कपडे आधी प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर ठेवतो, मग कडक गरम पाण्यात भिजवून धुतो, कडक उन्हात वाळवतो आणि शिवणीवरून गरम इस्त्री फिरवतो. आमच्या मे महिन्याच्या उन्हाला नावं ठेवतात सगळे, या कामाला ते फार चांगलं. टोपी, रिबिनी, हेअरबँड, कंगवे अदलाबदलीत घेतच नाही. उवा.

पांढरा सदरा पिवळा पडला असेल तर नीळ घाला. गडद ड्रेस विटला असेल तर रंगाची पुडी मिळते, गरम पाण्यात रंगवून मीठ टाकून रंग बसवता येतो. पण नुकताच रंगवलेला कपडा दोन-तीनदा साध्या पाण्यातून काढूनच लेकराला घाला, नाहीतर घामाने रंग अंगाला लागतो आणि खाज सुटते. नव्या कोऱ्या कपड्यालाही हेच लागू आहे. त्याला खळ असते, चकाकी येण्यासाठी रसायन लावलेलं असतं. कोरा ड्रेस न धुता पहिल्याच दिवशी घालून पाठवायची आपली हौस घामोळ्यांना आमंत्रण देते.

बूट जुने घेऊ नका. सख्ख्या भावाचेही नको. बूट वापरणाऱ्याच्या पायाप्रमाणे दबतो, त्याची टाच एका बाजूला झिजते आणि दुसऱ्या लेकराचं पाऊल त्या वाकड्या जागेत बसवलं की चाल बिघडते. आणि चिखल्यांची बुरशी आतल्या अस्तरात राहते, ती धुऊन जात नाही. नवा बूट घेताना लेकराला सोबत न्या, संध्याकाळी न्या, कारण दिवसभर चालून पाय थोडे फुगतात. उभं करून अंगठ्यापुढे तुमच्या बोटाच्या रुंदीएवढी जागा आहे का पाहा. दोन वर्षं पुरावा म्हणून मोठा बूट घेऊन पुढे कापूस कोंबायची सवय सोडा. लेकरू पाय घासत चालतं, पडतं. पावसात बूट ओला झाला तर आत रद्दी पेपर कोंबून ठेवा, रात्रीतून ओल ओढून घेतो. मोजे सुती असावेत आणि दोन जोड असावेत, म्हणजे ओला मोजा पुन्हा चढवावा लागत नाही.

दप्तराबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल. आम्ही एकदा चौथीच्या मुलांची दप्तरं अंगणवाडीच्या काट्यावर तोलली. बावीस किलोच्या एका मुलाचं दप्तर ४ किलो ३०० ग्रॅम भरलं. आपल्या राज्याने २०१५ सालीच ठरवलं आहे की दप्तराचं वजन लेकराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावं. म्हणजे त्या मुलाचं २ किलो २०० ग्रॅम. केंद्राच्या २०२० च्या धोरणात इयत्तेप्रमाणे आकडे दिले आहेत : पहिली-दुसरी १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवी १.७ ते २.५, सहावी-सातवी २ ते ३, आठवी २.५ ते ४, नववी-दहावी २.५ ते ४.५ किलो. बालवाडीला दप्तरच नको.

त्या मुलाचं दप्तर उघडलं. लिटरभर पाणी, म्हणजे एक किलो तिथेच. सगळ्या विषयांच्या दोनशे पानी वह्या, दोन गाइडं, रंगपेटी, दगड, तुटलेला भोवरा. आणि दप्तर स्वतःच जाड रेक्झिनचं, आत पुठ्ठा, बाहेर चार कप्पे, रिकामंच जवळपास किलोचं. मोठं दप्तर पुढच्या वर्षीही चालेल म्हणून घेतात, पण मोठं असलं की ते भरलं जातं. साध्या जाड कापडाचं, दोन रुंद पट्ट्यांचं, कमरेच्या खाली न लोंबणारं दप्तर पुरे. आमच्या गटातल्या बाया जुन्या जीन्सची दप्तरं शिवतात, ती चार-चार वर्षं जातात. दोनशे पानी वहीऐवजी शंभर पानी दोन घ्या. एक भरली की ती घरी राहते. पिण्याच्या पाण्याची सोय शाळेने करायची असते, ती नीट आहे का हे पालकांनी जाऊन पाहावं. ती असली तर बाटली अर्धी भरून पुरते.

डबा आणि बाटली स्टीलचीच घ्या असा आमचा आग्रह आहे. प्लॅस्टिकच्या डब्यात गरम भाजी घालू नये. आतून ओरखडे पडलेला प्लॅस्टिकचा डबा घासून स्वच्छ होत नाही, त्या रेघांमध्ये घाण धरते. स्टीलच्या डब्यावर भांड्यांच्या दुकानात नाव कोरून मिळतं. ताई शिकून गेली की धाकटा घेतो. घरात तेच नाव चालतं, धाकट्याला मोठ्या बहिणीच्या नावाचा डबा न्यायची गंमत वाटते. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार मिळतो, तेव्हा कित्येकदा डब्याऐवजी एक ताट-चमचा पुरतो.

प्लॅस्टिकचं आणखी एक. फाटलेली रेक्झिनची दप्तरं, फुटक्या बाटल्या, पुस्तकांची प्लॅस्टिक कव्हरं शेवटी आपल्याच वस्तीच्या कडेला जाळली जातात, नाहीतर नालीत अडकून पहिल्या पावसाला पाणी घरात आणतात. काही घरांत चूल पेटवायला प्लॅस्टिकचा तुकडा घालतात. तो धूर विषारी असतो. दम्याच्या लेकराला, गरोदर बाईला तो फार वाईट. पुस्तकाला खाकी कागदाचं नाहीतर पेपरचं कव्हर घाला.

ड्रेसच्या कापडाबद्दल मनातली खंत सांगतो. मानवत, सेलूच्या बाजारात कापसाचे ढीग लागतात, आपल्या बाया तो कापूस वेचतात, आणि आपली लेकरं आपल्या उन्हात जवळपास प्लॅस्टिकचेच ड्रेस घालून बसतात. पॉलिस्टरमध्ये घाम सुकत नाही. जांघेतला, काखेतला नायटा त्यातून वाढतो, आणि मग मेडिकलवाल्याकडून विचारून आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं की नायटा दबून पुन्हा दुप्पट पसरतो. ते मलम लावू नका, डॉक्टरांना दाखवा. निखळ सुती ड्रेस महाग पडतो हे आम्हालाही माहीत आहे. पण निदान सुती मिश्रण जास्त असलेलं कापड मागता येतं. शिवून घेत असाल तर शिंप्याला आत माया ठेवायला सांगा आणि खाली दुमड जास्त घ्यायला सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी सोडवता येते.

आणि हे कापड ठरवायचा अधिकार आपल्यालाच आहे, याकडे आपलं लक्ष नसतं. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिकेच्या शाळेत पहिली ते आठवीच्या लेकरांना वर्षाला दोन गणवेश, एक जोडी बूट आणि दोन जोडी मोजे शासनाकडून मिळतात. २०२३ ला ठरलेले आकडे लेकरामागे गणवेशाचे ६०० आणि बूट-मोज्यांचे १७० रुपये असे आहेत. २०२४-२५ ला राज्यभर एकच गणवेश करायचं ठरलं, कापड वरून आलं, आणि कितीतरी शाळांत ड्रेस फार उशिरा पोहोचले. पुढच्या वर्षापासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पाऊण सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि वंचित घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी लागते. तुमच्या शाळेच्या समितीत आपल्या वस्तीतली कोण बाई आहे? नाव माहीत नसेल तर शाळेत जाऊन विचारा. काही ठिकाणी नाव असतं, सही असते, पण त्या बाईला बैठक कधी झाली ते ठाऊक नसतं.

समितीत तीन गोष्टी मागायच्या. कापड सुती मिश्रणाचं आणि पातळ. मापं एप्रिलमध्येच घ्यायची. आणि शाळेचा नवा ड्रेस हातात येईपर्यंत जुन्या ड्रेसवर किंवा घरच्या स्वच्छ कपड्यांवर लेकराला बसू द्यायचं, हे ठरावात लिहून घ्यायचं. हा तिसरा ठराव झाला तरच घरोघरी ते १०५० रुपये वाचतात. खाजगी शाळेत असाल तर एवढं लक्षात ठेवा की अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. पाचवी ते दहावीच्या मुलींच्या सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचा अर्जही शाळेतूनच जातो, आठवण करून द्या.

सहावी-सातवीपासूनच्या मुलींच्या दप्तरात एक छोटी कापडी पिशवी असू द्या. तीत दोन सुती घड्या किंवा पॅड, एक निकर, एक कागदी पुडी. सुती कापड वापरायला काहीच हरकत नाही, जुन्या सुती लुगड्याचं सगळ्यांत चांगलं. पण ते साबणाने धुऊन उघड्या उन्हात वाळलं पाहिजे. कपड्याखाली लपवून सावलीत वाळवलेल्या घडीने खाज आणि जंतुसंसर्ग होतो. दोरीवर वाळत घालायला लाज वाटते म्हणून वरून पातळ ओढणी टाका, चालेल. ही पिशवी नसते म्हणून महिन्याचे तीन-चार दिवस मुलगी घरी राहते, आणि मग हळूहळू शाळाच सुटते. मायांनो, हे बोलायला संकोच करू नका. बापांनीही पिशवी आणून द्यायला हरकत नाही.

वाचलेल्या पैशांचं आणि वेळेचं काय करायचं? खरेदीच्या यादीत कधीच न लिहिलेल्या काही वस्तू आहेत, त्या दुकानात मिळत नाहीत आणि फुकट असतात. पहिलीत जाणाऱ्या लेकराचा पाच वर्षांचा डीपीटी बूस्टर झाला का? दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते, ती झाली का? लसीकरणाचं कार्ड सापडत नसेल तर आशाताईंना विचारा, त्यांच्या नोंदीत असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन वाचणारं, फळ्यावरचं न बघता शेजारच्याचं बघून लिहिणारं लेकरू 'ढ' नसतं, त्याला चष्मा लागतो. शाळेच्या तपासणीतून चष्मा मोफत मिळू शकतो. जंताची गोळी आणि लोहाची गोळी शाळेत देतात, ती लेकराने गिळली का ते विचारा. लोहाची गोळी जेवल्यावर घ्यायची, नाहीतर मळमळतं, आणि मग लेकरं ती खिडकीतून फेकतात.

वर ज्या बाईचा हिशेब दिला तिने गेल्या जूनमध्ये सावकाराकडून काही उचललं नाही. मुलीचं दप्तर ६० रुपयांत दुरुस्त झालं. मुलाने मात्र गाडीच्या चित्राचा डबा मागितलाच, आणि तिने तो घेतला. आम्ही काही बोललो नाही. लेकराची एक तरी वस्तू नवी कोरी आणि त्याच्या मनाची असावी.

आणि ती सहावीतली मुलगी आता नववीत आहे. अदलाबदलीच्या रविवारी कपड्यांच्या दोरीची जबाबदारी तिच्याकडे असते. मापाच्या चिठ्ठ्या ती लावते आणि कुणी मोबाइल वर काढला की तीच ओरडते.

यंदाची अदलाबदल ज्येष्ठ पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, सकाळी ९ ते १२. कपडे आठ दिवस आधी विहारात आणून द्या, सुटी बटणं आणि जुन्या चेन असतील तर त्याही आणा. दुरुस्तीवाले काका दहा वाजता येतील, दप्तरं रिकामी करून आणा.